'टेक' आणि त्याची शेपटं : फ्रेजल व्हर्ब कसे शिकावेत

'टेक' म्हणजे घेणे. शाळेत एवढं पक्कं होतं आणि घोळही तिथूनच सुरू होतो. विमान 'टेक ऑफ' करतं तेव्हा ते कुणाकडून काही घेत नाही. मुलगी आईला 'टेक आफ्टर' करते म्हणजे ती आईच्या मागून काही उचलत नाही. 'आय वॉज टेकन इन' असं कुणी म्हणालं तर त्याला घरात घेतलं की त्याला फसवलं, हे पुढचं वाक्य ऐकल्याशिवाय कळत नाही.

ओळखीच्या क्रियापदाला ऑफ, ऑन, अप, आउट, ओव्हर असं एखादं शेपूट लागलं की इंग्रजीत नवंच क्रियापद तयार होतं. यालाच फ्रेजल व्हर्ब म्हणतात. 'महत्त्वाचे शंभर फ्रेजल व्हर्ब' अशा याद्या मोबाइलवर सतत फिरत असतात. त्या पाठ करायच्या भानगडीत पडू नका. एका ओळीत 'गिव्ह अप', पुढच्या ओळीत 'लुक आफ्टर', मग 'ब्रेक डाउन', असा तो काला असतो आणि आठवड्याभरात त्यातलं काही हाती राहत नाही. एक क्रियापद घ्यावं आणि त्याचा पूर्ण फडशा पाडावा. मराठी माणसासाठी ते पहिलं क्रियापद 'टेक' असावं असं माझं मत आहे. का, ते पुढे येईलच.

इंग्रजी कच्चं म्हणून हे अवघड जातं असं वाटत असेल, तर तो गैरसमज आधी काढून टाका. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ साली आपला इंग्रजी शब्दकोश काढला. क्रियापदामागे छोटा शब्द जोडून अर्थ बदलायची ही पद्धत परक्यांना सगळ्यात जड जाते, असं त्याने प्रस्तावनेतच लिहून ठेवलं आहे. त्याने दिलेल्या उदाहरणांत 'टेक ऑफ'सुद्धा आहे, पण अर्थ दिलाय नक्कल करणे! विमान उडायला तेव्हा जवळपास दीडशे वर्षं बाकी होती. नकलेचा तो अर्थ ब्रिटिश इंग्रजीत अजून टिकून आहे.

पायरी पहिली : आधी मराठी आठवा

इंग्रजी शब्दाला मराठी प्रतिशब्द शोधायचा म्हटलं की आपण 'स्वीकारणे', 'ग्रहण करणे', 'प्रस्थान करणे' असले भारदस्त शब्द धुंडाळतो. तिथेच गाडी अडते. फ्रेजल व्हर्ब ही बोलीची वस्तू आहे, तिची जोडी बोलीतच सापडते.

पत्ता लिहून घे : 'टेक डाउन द अ‍ॅड्रेस'. शब्द मागे घे : 'टेक इट बॅक'. त्याला जरा बाजूला घेऊन सांग : 'टेक हिम असाइड'. एवढं काम अंगावर घेऊ नकोस : 'डोंट टेक ऑन सो मच वर्क'. ब्लाउज कमरेत आत घ्या : 'टेक इट इन अ‍ॅट द वेस्ट'. 'घेणे'ला लिहून, मागे, बाजूला, अंगावर, आत असे शब्द जोडून अर्थ फिरवायची सवय आपल्याला जन्मापासून आहे. आपण तो शब्द क्रियापदाच्या आधी लावतो, इंग्रज नंतर लावतो, इतकाच फरक.

पण प्रत्येक जोडी 'घेणे'तच सापडेल असं समजू नका. 'टेक आउट' हे त्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण. तिथे 'घेणे' सोडून 'काढणे' धरावं लागतं आणि ते धरलं की एकदम बरंच काही उलगडतं. बँकेतून कर्ज काढलं : 'टुक आउट अ लोन'. विमा काढला : 'टुक आउट अ पॉलिसी'. दाढ काढली : 'हॅड अ टूथ टेकन आउट'. पिशवीतून डबा काढला : 'टुक द टिफिन आउट ऑफ द बॅग'. आणि सगळ्यात भारी म्हणजे राग काढणं. साहेबाने झापलं म्हणून घरी येऊन पोरांवर राग काढणाऱ्याला इंग्रजीत सांगतात, 'डोंट टेक इट आउट ऑन द किड्स'. कर्ज, विमा, दाढ, डबा, राग, सगळ्यांना मराठीत एकच क्रियापद आणि इंग्रजीतही एकच. ही जोडी कुणी ठरवून केलेली नाही, पण आयती मिळतेय तर सोडायची कशाला?

'टेक आफ्टर'लाही मराठी जोडी आहे, फक्त क्रियापद तिसरंच. 'धाकटी अगदी आईवर गेलीये' म्हणजे 'शी टेक्स आफ्टर हर मदर'. हे फक्त रक्ताच्या नात्यात, आपल्याहून मोठ्या माणसाबद्दल वापरतात. शेजारच्या काकांसारखा दिसतो म्हणून 'टेक्स आफ्टर' म्हणालात तर भलताच अर्थ निघेल.

पायरी दुसरी : शेपटाला स्वतःचा अर्थ असतो

'ऑफ' म्हणजे चिकटलेलं सुटणं. पायातून बूट सुटतात, धावपट्टीवरून विमान सुटतं, कामातून एक दिवस सुटतो, बिलातून पन्नास रुपये सुटतात. चारही ठिकाणी 'टेक ऑफ' किंवा 'टेक समथिंग ऑफ' चालतं. धंद्याने अचानक जोर धरला की 'द बिझनेस टुक ऑफ' म्हणतात, ते विमानावरूनच. श्रीहरिकोट्याहून रॉकेट सुटतं त्याला मात्र 'लिफ्ट ऑफ' म्हणतात. ते धावपट्टीवरून धावत नाही, जागच्या जागी वर उचललं जातं.

'ऑन' म्हणजे अंगावर. काम अंगावर घेणं वर आलंच. माणसं कामावर घेणं हेही 'टेक ऑन' : 'दे आर टेकिंग ऑन टेन न्यू ड्रायव्हर्स'. प्रतिस्पर्ध्याशी भिडणं तर शब्दशः जुळतं. 'त्याला अंगावर घेऊ नकोस' असं आपण म्हणतो, इंग्रजीत 'डोंट टेक हिम ऑन'. एखाद्या गोष्टीला नवा रंग किंवा नवा अर्थ चढतो तेव्हाही 'टेक ऑन' येतं, पण ते जास्त करून लिखाणात.

'अप' हे सगळ्यात चलाख शेपूट आहे. त्यात वर उचलणं आहे, जागा भरून टाकणं आहे आणि नवं काहीतरी हाती धरणंही आहे. 'धिस कपाट टेक्स अप हाफ द रूम' असं अर्धमराठी वाक्य म्हणून बघा, अर्थ लगेच बसेल. निवृत्तीनंतर बागकाम धरलं : 'ही टुक अप गार्डनिंग'. पाण्याचा प्रश्न सोसायटीच्या सेक्रेटरीकडे काढला : 'वी टुक इट अप विथ द सेक्रेटरी'. कुणी देऊ केलेली गोष्ट आपण खरंच पदरात पाडून घेतली, तर 'आय टुक हिम अप ऑन हिज ऑफर'.

'टेक अप' आणि 'टेक ऑन' यांत गल्लत होते, कारण शब्दकोश दोन्हीला 'स्वीकारणे' म्हणून मोकळा होतो. खूण अशी की 'ऑन'मध्ये ओझं आहे, 'अप'मध्ये सुरुवात आहे. पेटी शिकायला 'टेक अप' करता. पेटी शिकवायच्या सहा शिकवण्या एकदम धरल्या, तर त्या 'टेक ऑन' करता. नोकरीवर रुजू होणं 'टेक अप अ पोस्ट', त्या नोकरीत जास्तीची जबाबदारी गळ्यात पडणं 'टेक ऑन'.

'ओव्हर' म्हणजे एका हातातून दुसऱ्या हातात. टाटा स्टीलने २००७ साली कोरस ही युरोपातली पोलाद कंपनी घेतली, तो 'टेकओव्हर'. रात्रपाळीच्या परिचारिकेकडून सकाळची परिचारिका काम हाती घेते, तेही 'शी टुक ओव्हर फ्रॉम द नाइट नर्स'. इथे आपला पाय हमखास घसरतो तो 'ओव्हरटेक'वर. रस्त्यावर पुढच्या गाडीला मागे टाकलं तर 'ओव्हरटेक'. 'आय टुक ओव्हर द ट्रक' म्हणालात तर तुम्ही ट्रकचा ताबा घेतलात.

'इन'चे चार अर्थ मनात वेगळे ठेवा : कपडा आत घेणं, निराधाराला आसरा देणं, ऐकलेलं डोक्यात शिरणं आणि फसणं. शेवटचा अर्थ जवळजवळ नेहमी 'टेकन इन' अशा कर्मणी रूपात येतो : 'मेनी पीपल वेअर टेकन इन बाय द फेक मेसेज'. 'बाय'नंतर खोटा मेसेज, गोड बोलणं, जाहिरात असं काही आलं की फसवणूक समजायची. 'बाय'नंतर मामा-मामी आली तर आसरा. 'आय कुडन्ट टेक इट ऑल इन' म्हणजे एवढं सगळं डोक्यात गेलंच नाही.

शिवणकामाचा विषय निघालाच आहे, तर परदेशी राहणाऱ्यांसाठी एवढं सांगून ठेवतो. पँटची लांबी कमी करायची तर 'टेक अप', कंबर कमी करायची तर 'टेक इन'. वाढवायचं असेल तिथे 'टेक' नाहीच. कंबर सैल करायला 'लेट आउट', लांबी वाढवायला 'लेट डाउन'.

'डाउन' आणि 'बॅक'मध्ये अडण्यासारखं फारसं नाही. भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढणं, मांडव उतरवणं, वेबसाइटवरून मजकूर हटवणं, सगळं 'टेक डाउन'. दुकानात वस्तू परत करणं 'टेक बॅक'. एखादं जुनं गाणं लागलं आणि कॉलेजचे दिवस आठवले, तर 'इट टेक्स मी बॅक'. 'टेक अवे' म्हणजे घेऊन जाणं. हॉटेलातून बांधून नेलेल्या जेवणाला ब्रिटनमध्ये 'टेकअवे', अमेरिकेत 'टेकआउट' म्हणतात. आपलं 'पार्सल' तिथे टपालाचं पुडकं ठरतं.

'टेक टू'मध्ये लळा लागतो किंवा नाद लागतो. 'द चाइल्ड टुक टू हर अ‍ॅट वन्स' म्हणजे पोराला तिचा लगेच लळा लागला. 'ही टुक टू ड्रिंकिंग' म्हणजे तो दारूच्या नादी लागला. 'लागणे' धरलं की दोन्ही अर्थ एकाच खुंटीला अडकतात.

पायरी तिसरी : कर्म कुठे बसवायचं

खऱ्या चुका इथे होतात, अर्थ समजण्यात नाही. त्यामुळे इथे घाई करू नका.

'टेक ऑफ युवर शूज' बरोबर. 'टेक युवर शूज ऑफ' हेही बरोबर. पण 'शूज'च्या जागी सर्वनाम आलं की एकच वाट उरते : 'टेक देम ऑफ'. 'टेक ऑफ देम' हे वाक्य कुठलाही इंग्रज बोलणार नाही. इंग्रजीत वाक्याच्या शेवटी वजन पडतं. 'देम', 'इट', 'हिम' यांत नवं काहीच नसतं, ज्याबद्दल बोलतोय ते दोघांना आधीच माहीत असतं. म्हणून त्यांना मध्ये दाबायचं आणि वजन शेपटाला द्यायचं. उलट कर्म लांबलचक असेल तर ते शेवटी न्यावं : 'टेक ऑफ द मडी शूज यू वोअर टू द फार्म'. एवढं सगळं 'टेक' आणि 'ऑफ'च्या मध्ये कोंबलं तर 'ऑफ' येईपर्यंत ऐकणारा कंटाळतो.

काही शेपटं मात्र क्रियापदाला घट्ट चिकटलेली असतात. 'टेक आफ्टर' आणि 'टेक टू' तुटत नाहीत. 'शी टेक्स आफ्टर हर' बरोबर, 'शी टेक्स हर आफ्टर' चूक. याच्या उलट रजेच्या दिवसाची नेहमीची जागा मधलीच : 'आय टुक अ डे ऑफ'. माणूससुद्धा काही रचनांत कायम मध्ये बसतो : 'लेट मी टेक यू थ्रू द फॉर्म', म्हणजे फॉर्म कसा भरायचा ते तुम्हाला एकेक करून दाखवतो. काउंटरवर बसणाऱ्यांनी हे वाक्य जरूर उचलावं.

तीन तुकड्यांची क्रियापदं सुटी करून शिकू नका, आख्खी तोंडात बसवा. 'टेक इट आउट ऑन'मधलं 'इट' म्हणजे काय, असं विचारत बसलात तर हाती काही लागणार नाही. ते तिथे असतंच.

कुठलं तुटतं, कुठलं नाही, हे पाहायची सोपी जागा म्हणजे शब्दकोश. ऑक्सफर्ड आणि लाँगमनच्या शिकणाऱ्यांसाठीच्या कोशांत 'टेक' शोधा आणि नोंदीतल्या फ्रेजल व्हर्बच्या भागात जा. जिथे कर्म दोन्हीकडे चालतं तिथे मध्ये दोन्ही टोकांचा आडवा बाण छापलेला असतो. बाण नसेल तर छापलाय तोच क्रम ठेवायचा. हा बाण अनेकांच्या नजरेतून सुटतो. एकदा दिसला की निम्मी शंका तिथेच मिटते.

पायरी चौथी : रूपं आणि कान

शेपूट बदलत नाही, बदलतं ते फक्त 'टेक' : टेक, टुक, टेकन. 'ही हॅज टुक ओव्हर' ही चूक बोलताना सर्रास होते. 'हॅज', 'हॅव', 'वॉज', 'बीन' यांच्यामागे 'टेकन'च हवं. कर्मणीत बहुतेक करून येणारं आणखी एक म्हणजे 'टेकन अबॅक', अवाक होणं. हे शिडाच्या जहाजांवरून आलंय. समोरून अचानक वारा आला की शीड उलटं डोलकाठीवर दाबलं जायचं आणि जहाज जागीच थबकायचं. 'आय वॉज टेकन अबॅक' म्हणणाऱ्याचं तोंड आठवा, तसंच दिसतं.

कानाचा भाग शाळेत कुणी सांगत नाही. इंग्रज 'टेक' आणि 'ऑफ' सुटं बोलत नाही, 'टेकॉफ' म्हणतो. 'टेक इट ऑफ'चं 'टेकिटॉफ' होतं, 'टुक ओव्हर'चं 'टुकोव्हर'. सिनेमा पाहताना सबटायटल लावून एवढंच ऐकायचा सराव करा. आधी वाचून कळणारी आणि कानाला न कळणारी कितीतरी वाक्यं निव्वळ या जोडणीमुळे निसटत होती, हे लक्षात येईल.

जोरही पाहा. क्रियापद असेल तर जोर शेपटावर आणि लिहिताना दोन सुटे शब्द : 'दे टुक ओव्हर द कंपनी'. नाम असेल तर जोर 'टेक'वर आणि लिहिताना जोडशब्द : 'द टेकओव्हर'. 'टेकऑफ', 'टेकअवे' तसंच. ई-मेलमध्ये 'वी विल टेकओव्हर द प्रोजेक्ट' असं लिहिलेलं कायम दिसतं. तिथे मधली मोकळी जागा हवी.

पायरी पाचवी : कुठे वापरायचं, कुठे नाही

देवळाबाहेर पाटी असते, 'पादत्राणे बाहेर काढावीत'. घरात आई ओरडते, 'चपला काढ आधी!' इंग्रजीत पाटीवर 'रिमूव्ह', आईच्या तोंडी 'टेक ऑफ'. लॅटिन-फ्रेंच वळणाचे शब्द तिथे आपल्या संस्कृत शब्दांचं काम करतात. फ्रेजल व्हर्बमुळे भाषा हलकी होते असा समज आपल्याकडे आहे, तो सोडायला हवा. सहकाऱ्याला 'आय शॅल अंडरटेक द टास्क' लिहिणं म्हणजे मित्राला 'मी सदर कार्याचा स्वीकार करीत आहे' असं सांगणं. 'आय विल टेक इट ऑन' पुरे. पण करारनाम्यात, नोटिशीत, शोधनिबंधात 'अ‍ॅक्वायर', 'रिमूव्ह', 'असाइन' हेच शोभतात. आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करणाऱ्यांनी बोलण्याच्या भागात फ्रेजल व्हर्ब मोकळेपणाने वापरावेत, निबंधात हात राखून.

भारतीय इंग्रजीतल्या काही गोष्टी इथेच सांगायला हव्यात, कारण परदेशी मुलाखतीत त्या नडतात. 'आय पास्ड आउट इन २०१९' म्हणजे आपल्या मते पदवी मिळाली. अमेरिकन माणसाला ऐकू येतं, मी २०१९ साली बेशुद्ध पडलो. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतली 'पासिंग आउट परेड' चुकीची नाही. लष्करात हा जुना ब्रिटिश प्रयोग रुळलेला आहे. कॉलेजसाठी 'ग्रॅज्युएटेड' म्हणा. 'कोप अप विथ'मधलं 'अप' फालतू आहे, 'कोप विथ' पुरतं. आणि परीक्षा आपण 'देतो' म्हणून 'आय गेव्ह द एक्झाम' म्हणतो. इंग्रजीत विद्यार्थी परीक्षा 'टेक' करतो.

सरावाची वही

एक पान, एक शेपूट. 'टेक आउट'चं पान असं असेल : वर मराठी 'काढणे'. खाली स्वतःच्या आयुष्यातली तीन वाक्यं, पुस्तकातली नव्हेत. 'वी टुक आउट अ लोन फॉर द ट्रॅक्टर.' 'शी टुक द की आउट ऑफ हर पर्स.' 'ही टेक्स इट आउट ऑन हिज ब्रदर.' मग जिथे चालतं तिथे तेच वाक्य सर्वनाम घालून पुन्हा : 'वी टुक इट आउट लास्ट इयर.' हा चौथा प्रकार टाळू नका. क्रमाची सवय त्यानेच लागते. पानाच्या कडेला त्या दोन टोकांच्या बाणाची खूण करून ठेवा.

दिवसाला एक पान पुरे. पान भरल्यावर त्याच दिवशी कुणाला तरी मेसेजमध्ये ते एकदा खरंच वापरा. वहीत लिहिलेलं वाक्य आणि दुसऱ्याला पाठवलेलं वाक्य यांत फरक पडतो, कारण पाठवण्याआधी आपण 'इट' कुठे बसवलं ते पुन्हा बघतो.

'टेक' संपल्यावर 'पुट' घ्या. तिथे मराठीत 'घालणे', 'ठेवणे' आणि 'टाकणे' असे तिघे मदतीला येतात. 'पुट ऑन' म्हणजे अंगात घालणं, ते 'टेक ऑफ'च्या बरोबर उलट. मग 'पुट ऑफ' हे 'टेक ऑन'च्या उलट असेल असं वाटतं, पण तसं नाही. 'पुट ऑफ' म्हणजे लांबणीवर टाकणं. मीटिंग पुढे ढकलली तर 'दे पुट इट ऑफ', आणि इथेही 'इट' मध्येच.